ऑक्सिजन सेन्सर दोनदा बदलला तरी चेक लाईट जात नाही? ईसीयूला हात लावायच्या आधी हे बघा

सोलापुरातल्या विजापूर रोडवरच्या एका भावाचा प्रश्न आलाय, थोडक्यात सांगतो. गाडी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, सीएनजी किट बाहेरून बसवलेलं. चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरला पी०१३५ आला, म्हणजे पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचा कोड. मेकॅनिकनं सेन्सर बदलला, दोन-तीन दिवस बरं चाललं आणि परत दिवा. दुसऱ्याकडं नेली तर तो म्हणाला आधीचा सेन्सर डुप्लिकेट होता, आणि जुन्याचा कपलर (वायरींचा प्लग) कापून त्यानं युनिव्हर्सल, म्हणजे कुठल्याही गाडीला वायर जोडून बसवायचा सेन्सर जोडून दिला. आता पी०१३५ तर आहेच, वरनं कधी पी०१३१ (सेन्सरचा सिग्नल कमी) आणि कधी पी०१३२ (सिग्नल जास्त) पण येतोय, ॲव्हरेज १७ वरून १३ वर आलं, आयडलिंगला मागून पेट्रोलचा वास येतोय, आणि तिसरा म्हणतोय ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर गेला, बदलावा लागंल. तर बदलू का?

नका बदलू मालक, निदान अजून तरी नाही. पी०१३५ हा कोड सेन्सर खराब आहे असं म्हणतच नाही, तो म्हणतो हीटरच्या सर्किटमध्ये गडबड आहे. सर्किट म्हणजे फ्यूजपासून रिले, रिलेपासून वायर, वायरपासून कपलरची पिन, मग सेन्सरमधला हीटर, तिथून परत वायर आणि शेवटी ईसीयू. एवढ्या लांबच्या रस्त्यात सेन्सर हा एक तुकडा झाला. तुमच्याकडं दोन वेळा तोच तुकडा बदलला गेला आणि बाकीचा रस्ता कुणी बघितलाच नाही, असं मला तुमच्या लिहिण्यावरून दिसतंय.

सगळ्यात आधी माझा संशय त्या जोडकामावर आहे, कारण पी०१३१ आणि पी०१३२ हे दोन्ही कोड त्यानंतर सुरू झालेत. चार वायरच्या सेन्सरमध्ये दोन वायर हीटरच्या, एक सिग्नलची, एक सिग्नलच्या अर्थची, म्हणजे अर्थिंगची. पण रंग सगळ्या कंपन्यांचे एकसारखे नसतात आणि इथंच लै लोक फसतात. डेन्सोच्या सेन्सरला साधारण दोन काळ्या वायर हीटरच्या, निळी सिग्नलची आणि पांढरी अर्थची. बॉश किंवा एनटीकेच्या सेन्सरला दोन पांढऱ्या वायर हीटरच्या, काळी सिग्नलची आणि करडी अर्थची. आता विचार करा, गाडीत डेन्सो होता, युनिव्हर्सल आला दुसऱ्या पद्धतीचा, आणि जोडणाऱ्यानं काळ्याला काळी आणि पांढऱ्याला पांढरी जोडली, म्हणजे हीटरची वायर गेली सिग्नलला, हीटरचं सर्किट पूर्णच झालं नाही, आणि सेन्सरच्या आतली जी काडी एक व्होल्टच्या आत काम करते तिच्यावर बारा व्होल्टची लाईन आली. वरून बघितलं तर रंगाला रंग जुळलेला, काम एकदम नीट केल्यासारखं दिसतंय. तेव्हा ती टेप सोडा, सेन्सरच्या डबीवर कागद असतो त्यात त्याची कुठली वायर कशाची ते दिलेलं असतं, आणि जुन्या कपलरमधली कुठली पिन कशाची हे गाडीच्या वायरिंग डायग्रामवरून बघा. गाडीच्या बाजूच्या वायरींचे रंग तर अजून वेगळे असतात, ते सेन्सरच्या रंगाशी जुळवायच्या भानगडीत पडूच नका.

आणि अजून एक, जोड सोल्डर केलेला असंल तर तोही काढा. हा सेन्सर आतून झिर्कोनियाचा असतो, त्याच्या एका बाजूला सायलेन्सरमधला धूर आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची साधी हवा, दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जो फरक असतो त्यावर तो व्होल्टेज तयार करतो. ही बाहेरची हवा बऱ्याच सेन्सरमध्ये वायरच्या आतून, तांब्याच्या तारांच्या फटीतून आत जाते. सोल्डर केलं की ती वाट बुजते. कपलरमध्ये ग्रीस कोंबणारे पण असतात, पाणी जाऊ नये म्हणून, हेतू चांगला पण तेच होतंय. क्रिम्प करा, म्हणजे धातूची नळी दाबून जोड घ्या, वर हीट स्लीव्ह चढवा, आणि चारही जोड एकाच ठिकाणी न घेता थोडे मागंपुढं घ्या म्हणजे एकमेकांना लागणार नाहीत. माझं विचाराल तर युनिव्हर्सलच्या वाटेला जाऊच नये, तुमच्या गाडीच्या पार्ट नंबरचा कपलरसकट सेन्सर घ्यावा, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

आता समजा जोड बरोबर निघाले. मग हीटरचं सर्किट.

इंजिन थंड असताना सेन्सरचा कपलर काढा आणि सेन्सरच्या बाजूनं हीटरच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजा. गाडीनुसार फरक असतो पण साधारण ३ ते १५ ओहमच्या मध्ये काहीतरी यायला पाहिजे. मीटर काहीच दाखवत नसंल तर हीटर तुटलाय, शून्याच्या जवळ असंल तर शॉर्ट. गरम सेन्सरवर मोजू नका, आकडा वाढलेला दिसतो. हीटरची पिन आणि सेन्सरची लोखंडी बॉडी यांच्यात काहीच यायला नको. सिग्नलच्या पिनेवर मात्र ओहम लावू नका, तिथं मोजण्यासारखं काही नाही, उगाच मीटरचा करंट आत जातो. तुमचा पहिला जुना सेन्सर अजून गॅरेजमध्ये पडून असंल तर तोही मोजून बघा हो, चांगला निघाला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

मग चावी ऑन करून गाडीच्या बाजूच्या कपलरवर हीटरचा पॉझिटिव्ह बघायचा. बहुतेक गाड्यांत हा पॉझिटिव्ह मेन रिलेकडून फ्यूजमधून येतो आणि ईसीयू अर्थची बाजू चालूबंद करत हीटर चालवतो. काही गाड्यांत इंजिन चालू झाल्यावरच येतो, ते डायग्रामवर बघा. आता इथं सगळेजण मल्टिमीटर लावतात, १२.६ व्होल्ट दिसतो, "करंट येतोय की" म्हणतात आणि सेन्सरला दोष देऊन मोकळे होतात. मल्टिमीटर स्वतः करंट ओढतच नाही, त्यामुळं वायरची एक तार जरी जिवंत असली तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवणार. हीटर थंड असताना साधारण दोन अँपिअर ओढतो. समजा हीटर ६ ओहमचा आहे आणि कपलरच्या पिनेवर गंज चढून तिथं एक ओहमचा अडथळा झालाय, तर करंट झाला १.८ अँपिअर आणि त्या पिनेवरच १.८ व्होल्ट खाल्ले गेले, हीटरला मिळाले जेमतेम पावणेअकरा. हीटर गरम होतो, पण हळू होतो, ईसीयू वाट बघून कंटाळतो आणि कोड टाकतो. म्हणून लोड देऊन बघायचं. साधा बारा व्होल्टचा पाच वॅटचा बल्ब दोन वायर लावून घ्या, त्याचं एक टोक पॉझिटिव्ह पिनेवर आणि एक बॅटरीच्या निगेटिव्हवर. झगझगीत लागला पाहिजे. पिवळा मिणमिणता लागला तर फ्यूजपासून कपलरपर्यंत कुठंतरी रस्ता अरुंद झालाय. पाच वॅटचा बल्ब अर्धा अँपिअरसुद्धा ओढत नाही, त्यामुळं थोडासा दोष तो झाकूनही टाकंल, खात्री करायची तर कपलर परत जोडून मागच्या बाजूनं बारीक पिन घालून, इंजिन नुकतं चालू केल्यावर हीटरच्या पॉझिटिव्हला किती व्होल्टेज येतं ते मोजा आणि त्याच वेळी बॅटरीवरचं मोजा. दोन्हीत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असंल तर शोध तिकडं घ्यायचा.

पिन मागून घालायची म्हणतोय, वायरचं रबर टोचून नाही. टोचलेल्या जागी पहिल्याच पावसात पाणी शिरतं आणि सहा महिन्यांनी आत हिरवी पावडर सापडते, मग तो नवीनच दोष होऊन बसतो.

पॉझिटिव्ह चांगला आला तर मग ईसीयूची बाजू. बल्बचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरं कपलरमधल्या हीटरच्या दुसऱ्या पिनेला, इंजिन चालू करा. ईसीयू हीटरला टप्प्याटप्प्यानं करंट देतो त्यामुळं बल्ब लुकलुकंल किंवा थोडा मंद लागंल, पण लागला पाहिजे. कपलर काढून ठेवलेला असल्यामुळं काही ईसीयू हीटर बंदच करून टाकतात, तेव्हा कोड इरेज करून गाडी थंड असताना लगेच बघा. नाहीच लागला तर लगेच ईसीयू गेला म्हणू नका, त्या पिनेपासून ईसीयूच्या कपलरपर्यंतची वायर तपासा. बॅटरीचा निगेटिव्ह काढा, ईसीयूचा कपलर काढा, आणि त्या एकट्या वायरीच्या एका टोकाला पॉझिटिव्ह देऊन दुसऱ्या टोकाला बल्ब लावा, बल्बचं उरलेलं टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला, लागला म्हणजे वायर शाबूत. ईसीयू जोडलेला ठेवून हे करू नका, नाहीतर तिसऱ्या मेकॅनिकचं म्हणणं तुम्हीच खरं करून दाखवाल.

आपल्याकडं ही वायर कुठं मरते तेही सांगतो. एक म्हणजे मॅनिफोल्डजवळ, इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या गरम पाईपाजवळ. वायर धरून ठेवणारी प्लॅस्टिकची क्लिप सेन्सर बदलताना तुटते, कुणी परत लावत नाही, वायर गरम लोखंडावर टेकते, रबर वितळतं आणि फ्यूज उडतो. सोलापूरचा मे महिना, बाहेरच ४२-४३ डिग्री, बॉनेटखालचं विचारूच नका, क्लिपा कुरमुऱ्यासारख्या मोडतात. दुसरं म्हणजे उंदीर. घरासमोर, धान्याच्या दुकानाशेजारी गाडी लावणाऱ्यांकडं हे हमखास, आणि उंदीर वायर पूर्ण तोडत नाही, अर्धी कुरतडून ठेवतो, म्हणून दोष कधी येतो कधी जातो. तिसरं म्हणजे वॉशिंग सेंटर. बॉनेट उघडून प्रेशरनं पाणी मारायचं आणि वर डिझेलचा हात फिरवायचा, इंजिन चकाचक, कपलरमध्ये पाणी. आपलं बोअरचं पाणी क्षाराचं, वाळलं की पिनांवर पांढरा थर बसतो. एकाच कपलरमध्ये बारा व्होल्ट आणि एक व्होल्टची सिग्नल वायर शेजारी शेजारी असतात, त्यात असं पाणी साचलं की हीटरचा करंट झिरपून सिग्नलवर जातो आणि पी०१३२ येतो. झिर्कोनियाचा सेन्सर स्वतःहून ०.९ व्होल्टच्या फार वर जातच नाही, त्यामुळं स्कॅनरवर सिग्नल एक व्होल्टच्या बराच वर दिसला तर सेन्सर सोडा, आधी कुठून व्होल्टेज घुसतंय ते शोधा.

दोन्ही सेन्सरचे हीटर कोड एकदम आले, पी०१३५ आणि मागच्याचा पी०१४१, तर फ्यूज आणि रिले आधी बघायचे. दोन सेन्सर एकाच दिवशी मरत नसतात.

आता सिग्नलकडं येऊ. हे पुढचं सगळं साध्या झिर्कोनिया सेन्सरसाठी आहे, ज्याचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये हलतो. तुमच्या गाडीत वाईडबँड म्हणजे एअर-फ्यूल सेन्सर असंल तर त्याला हे आकडे लागू नाहीत. बहुतेक त्याला पाच वायर असतात पण डेन्सोचा चार वायरवाला पण येतो, म्हणून नुसत्या वायरी मोजून ठरवू नका, स्कॅनरमध्ये व्होल्टेज कसा दाखवतोय ते बघा.

इंजिन पूर्ण गरम करा, दोन मिनिटं २५०० आरपीएमवर धरा, आणि स्कॅनरवर ग्राफ लावा. पुढचा सेन्सर सतत वरखाली झाला पाहिजे, ०.२ च्या खाली जाऊन ०.७ च्या वर यायला पाहिजे, दहा सेकंदांत बऱ्याच वेळा. हा सेन्सर साधारण ३०० डिग्रीच्या वर गेल्याशिवाय कामच करत नाही, म्हणून तर हीटर दिलेला असतो. ०.४५ च्या आसपास सरळ रेघ असंल तर सेन्सर थंड आहे किंवा वायर तुटलीय, कारण बऱ्याच ईसीयू स्वतःच त्या वायरवर तेवढा व्होल्टेज ठेवतात. खात्री करायला कपलर काढा, गाडीच्या बाजूची सिग्नलची पिन आणि सिग्नल अर्थची पिन एका वायरीनं जोडा. स्कॅनरवर शून्य आलं तर सेन्सरपासून ईसीयूपर्यंतच्या दोन्ही वायरी चांगल्या आणि ईसीयूचं वाचणं पण चांगलं. या एका मिनिटाच्या टेस्टमध्ये ईसीयूवरचा अर्धा आरोप मिटतो, पण ती कुणी करत नाही, का कुणास ठाऊक.

सिग्नलचा अर्थही तपासा. इंजिन चालू, हेडलाईट चालू, सिग्नल अर्थची वायर आणि बॅटरीचा निगेटिव्ह यात ०.१ व्होल्टच्या वर यायला नको. सगळा खेळच एक व्होल्टचा, त्यात अर्थनं ०.३ खाल्ले की ईसीयूला सगळंच खोटं दिसतं. काही ईसीयूत हा अर्थ मुद्दाम थोडा वर ठेवलेला असतो, तेवढं डायग्रामवर बघून घ्या. मध्यंतरी क्लच प्लेटचं काम झालं असंल तर गिअरबॉक्सवरची अर्थची पट्टी परत घट्ट लावली का ते आधी बघा.

आता तुमचा पी०१३१, म्हणजे सिग्नल कमी. इथं सेन्सर खोटं बोलतोय की खरं, हे ठरवणं महत्त्वाचं. सेन्सर ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल नाही. मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून लीकेज असंल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर म्हणतो ऑक्सिजन जास्त आहे, त्याचं बरोबरच आहे. एका सिलिंडरमध्ये मिसिंग असंल, प्लग किंवा कॉइल कमजोर, तर न जळालेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो आणि सेन्सर परत तेच सांगतो. ईसीयू बिचारा पेट्रोल वाढवत बसतो. तुमच्याकडं मागून पेट्रोलचा वास येतोय आणि सेन्सर म्हणतोय पेट्रोल कमी आहे, हे दोन्ही एकदम खरं असू शकत नाही, म्हणून एक तर वायरिंग किंवा सेन्सर खोटं बोलतोय, नाहीतर लीकेज किंवा मिसिंग. स्कॅनरवर फ्यूल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा, लाँग टर्म अधिक २० च्या वर असणार. मग गाडी आयडलिंगवर ठेवून एअर फिल्टरच्या पाईपमध्ये ब्रेक क्लीनरचा अगदी हलका फवारा मारा, मोकळी जागा, आगीचं भान ठेवून. सेन्सर झटक्यात ०.८ ला गेला तर तो जिवंत आहे. नंतर एक व्हॅक्यूमचा पाईप काढा, झटक्यात खाली आला पाहिजे. दोन्हीकडं पळाला तर सेन्सरला दोष देऊ नका, गॅस्केट बघा, प्लग काढून बघा. थंड इंजिन चालू करून कुणाला तरी सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडकं धरायला लावा आणि मॅनिफोल्डजवळ कान द्या, फुसफुस लगेच ऐकू येते.

सीएनजीचं वेगळं सांगायला पाहिजे. काही किटची एक वायर ऑक्सिजन सेन्सरच्या सिग्नलला जोडलेली असते, आणि बसवणाऱ्यानं ती नुसती पिळून काळी टेप मारलेली असते. उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळून ओघळतो आणि जोड उघडा पडतो. तुमच्या गाडीत सेन्सरपासून ईसीयूकडं जाणारी वायर हातानं चाचपत जा, मध्ये टेपची गाठ लागली की तीच सोडायची, किटची वायर तात्पुरती बाजूला करून मूळ वायर नीट जोडायची आणि दोन दिवस फक्त पेट्रोलवर चालवून बघायचं. शिवाय सीएनजीचं ट्यूनिंग चुकलेलं असंल तर ईसीयू गॅसवर चालताना उलटसुलट ट्रिम शिकतो आणि पेट्रोलवर टाकली की ते बाहेर पडतं. सीएनजीला हवा साधारण १७ पट लागते, शुद्ध पेट्रोलला १४.७, आणि आता पंपावर जे ई२० (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) मिळतं त्याला १३.५ च्या आसपास, तेव्हा सेन्सर नीट नसंल तर ईसीयूला ही सगळी तफावत भरून काढायला आधारच राहत नाही.

नवीन सेन्सर परत घालायची वेळ आलीच तर २२ चा फटवाला सॉकेट वापरा, इंजिन कोमट असताना खोला, आणि आट्यांवर कंपाऊंड लावलं तर टोकाला लागू देऊ नका. टॅपेट कव्हरला मिळंल तो सिलिकॉन फासणाऱ्यांना सांगा की ऑक्सिजन सेन्सरला चालणारा सिलिकॉन वापरा, साध्याची वाफ इंजिनमध्ये ओढली जाऊन सेन्सरच्या टोकावर पांढरा थर बसतो आणि तो साफ होत नाही. काढलेल्या सेन्सरचं टोक बघायची सवय ठेवा. काळं काजळ असंल तर मिश्रण जाड, म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरं असंल तर सिलिकॉन किंवा कूलंट.

काम झाल्यावर कोड इरेज करा, फ्यूल ट्रिम पण रीसेट करा, रात्रभर गाडी थंड होऊ द्या. सकाळी चालू करून मोहोळपर्यंत हायवेनं जाऊन या, मग संध्याकाळी तुळजापूरच्या घाटात चढवा. पेंडिंग कोड आला नाही आणि लाँग टर्म ट्रिम दहाच्या आत आली की झालं. पीयूसी काढताना हाय आयडलला लँबडा (हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा आकडा) ०.९७ ते १.०३ मध्ये आला का तेही कागदावर बघून घ्या, फुकटची टेस्ट आहे.

आणि ईसीयू. वरच्या टेस्टमध्ये हीटरचा पॉझिटिव्ह लोडवर चांगला, सेन्सर चांगला, ईसीयूपर्यंतची वायर शाबूत, ईसीयूचे स्वतःचे पॉझिटिव्ह आणि अर्थ पण चांगले, आणि तरीही थंड गाडीत बल्ब लुकलुकला नाही, तेव्हाच त्याच्या आतला हीटरचा ड्रायव्हर, म्हणजे हीटर चालूबंद करणारा भाग गेलाय असं म्हणता येतं. तो बहुतेक शॉर्ट झालेल्या हीटरमुळं किंवा चुकीच्या जोडणीमुळं जातो, म्हणून कारण काढल्याशिवाय दुसरा ईसीयू लावला तर तोही जाणार. तेवढाच ड्रायव्हर दुरुस्त करून देणारे असतात, आधी त्यांच्याकडं चौकशी करा. भंगारातून जुना ईसीयू आणून लावायचा सल्ला कुणी दिला तर त्याला आधी विचारा की इमोबिलायझर (चावी ओळखणारं इलेक्ट्रॉनिक लॉक) मॅच कोण करून देणार, नाहीतर गाडी सेल्फ मारंल पण चालू होणार नाही.